ऑइल कूलर काढावा की हलवावा?

जुन्या मोटरसायकलीला नवे रूप देण्याचा छंद आपल्या शहरांत आता चांगलाच रुजला आहे. दहा-पंधरा वर्षे इमानेइतबारे सेवा केलेली पल्सर किंवा करिझ्मा विकून टाकण्याऐवजी तिचे जड प्लास्टिक उतरवायचे, सीट आखूड करायची, हँडल खाली घ्यायचे आणि साठच्या दशकातील इंग्रजी ‘कॅफे रेसर’ची आठवण करून देणारी सडसडीत गाडी तयार करायची, असे काम करणारी गॅरेजेस मुंबई-पुण्यात ठिकठिकाणी दिसतात. गाडीचा पुढचा भाग असा मोकळा झाला, की इतके दिवस आडोशाला असलेली एक वस्तू डोळ्यांत खुपू लागते. इंजिनाच्या पुढे बसवलेली छोटी जाळीदार पेटी आणि तिच्यातून निघालेल्या दोन नळ्या. हा ऑइल कूलर. ‘हा काढून टाकला तर चालेल का?’ असा प्रश्न मालक विचारतो आणि पुष्कळदा उत्तर मिळते, ‘चालेल की! बुलेटला कुठे असतो?’

हे उत्तर अर्धे खरे आहे. म्हणूनच ते धोकादायक आहे. कूलर काढलेली गाडी त्याच दिवशी बंद पडत नाही. ती सुरू होते, चालते, सिग्नलला उभी राहते, मालकही खूश असतो. परिणाम दिसतो तो मे महिन्यात, भर दुपारी, मागे एक माणूस आणि दोन पिशव्या घेऊन कसारा घाट चढताना. तेव्हा इंजिन सीझ झाले, तर ब्लॉक-पिस्टनपासून क्रँकपर्यंत सगळे उघडावे लागते, आणि उत्पादन थांबलेल्या गाडीचे अस्सल भाग दरवर्षी अधिक दुर्मीळ होत जातात. दुसऱ्या बाजूला, कूलर जागेवरून हलवताना नळीचे काम कच्चे राहिले, तर गरम तेल थेट मागच्या टायरवर येते. वळणावर याचा अर्थ काय होतो, हे सांगायला नको. तेव्हा प्रश्न दिसण्याचा असला, तरी उत्तर इंजिनाच्या आत शोधायला हवे.

प्रथम बुलेटचा दाखला तपासू. जुन्या ओतीव लोखंडी इंजिनाची ३५० सीसी बुलेट सुमारे १८ अश्वशक्ती देते, तीही इंजिन मिनिटाला साडेपाच हजारांच्या आसपास फेरे घेत असताना. पल्सर २२० चे इंजिन आकाराने त्याच्या दोन-तृतीयांशाहून लहान आहे, पण ते साडेआठ हजार फेऱ्यांना २१ अश्वशक्ती देते. लिटरमागे हिशेब केला, तर बुलेट ५२ आणि पल्सर ९५. म्हणजे इवल्याशा इंजिनातून पावणेदोन पटींहून अधिक काम उपसले जाते, आणि जितके काम अधिक, तितकी उष्णता अधिक. २००७ मध्ये आलेल्या पल्सर २०० आणि २२० ला, पुढे २००९ मध्ये करिझ्मा झेडएमआरला कारखान्यानेच कूलर दिला, तो शोभेसाठी नव्हे. २०१६ मध्ये आलेल्या रॉयल एनफिल्डच्या ४११ सीसी हिमालयनचे उदाहरण आणखी बोलके आहे. ती काही वेगाची गाडी नव्हती, लिटरमागे शक्तीही माफकच. पण सामान लादून, खालच्या गिअरमध्ये, तासन् तास डोंगर चढण्यासाठी ती बनवलेली होती. अशा वेळी इंजिन कष्ट करते आणि समोरून येणारा वारा मात्र कमी असतो. कूलरची गरज केवळ शक्तीवर नव्हे, तर गाडी कशी वापरली जाते यावरही ठरते, हे त्यावरून लक्षात यावे.

तेल नेमके काय करते?

पेट्रोल जळून जी ऊर्जा निर्माण होते, तिचा जेमतेम चौथा ते तिसरा हिस्सा प्रत्यक्ष कामी येतो. उरलेल्यातील मोठा भाग सायलेन्सरवाटे बाहेर जातो आणि बाकीचा इंजिनाच्या धातूत उतरतो. हवेने थंड होणाऱ्या इंजिनावर ज्या फिन्स असतात, त्या हेड आणि ब्लॉक यांची बाहेरून काळजी घेतात. पण पिस्टनच्या खालच्या बाजूला, क्रँकच्या बेअरिंगला किंवा गिअरच्या दातांना वारा कोठून लागणार? तेथे पोहोचते ते फक्त तेल. आपण त्याला वंगण म्हणतो आणि त्याचे दुसरे काम विसरतो. ते उष्णता उचलून नेणारे हमालही आहे. मोटरसायकलीत तर एकच तेल इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स या तिघांनाही पुरवायचे असते. मोटारीत गिअरबॉक्सचे तेल बहुधा वेगळे असते. येथे लिटर-दीड लिटरभर तेलावर सगळा संसार.

हे तेल तापले की पातळ होते. २०डब्ल्यू५० या प्रकारच्या तेलातील ५० हा आकडा त्याचा १०० अंश सेल्सिअसला असणारा दाटपणा सांगतो. नियमानुसार तो १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक या मर्यादेत असावा लागतो. तेच तेल १३० अंशांवर गेले, की त्याचा दाटपणा निम्म्याच्या आसपास येतो. दोन धातूंमध्ये राहणारा तेलाचा पडदा तितका विरळ होतो. शिवाय तापमान दर दहा अंशांनी वाढले, की तेल जुने होण्याची रासायनिक क्रिया साधारण दुप्पट वेगाने होते, असा ठोकताळा आहे. १०० अंशांवर तीन हजार किलोमीटर टिकणारे तेल सतत १३० अंशांवर राहिले, तर त्याचे आयुष्य किती उरेल, हे वाचकांनीच ताडावे.

मात्र याची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. तेल फार थंड राहणेही वाईटच. एक लिटर पेट्रोल जळाले, की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. त्यातील बहुतेक सायलेन्सरमधून निघून जाते, पण थोडे पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये उतरते. तेल नीट तापले तर हे पाणी उडून जाते. न तापले तर ते तेलातच राहते. जुलै महिन्यात घरापासून स्टेशनपर्यंत तीन-चार किलोमीटर जाऊन गाडी ठेवणाऱ्यांनी कधी तेल भरण्याचे झाकण उघडून पाहावे. आतल्या बाजूला पिवळट सायीसारखा थर दिसला, तर तो याच पाण्याचा. अशा वापरात कूलरचा उपयोग नाहीच, उलट तेल तापायला तो आणखी वेळ लावतो. काही यंत्रणांत कूलरच्या वाटेवर थर्मोस्टॅट असतो. तेल पुरेसे तापेपर्यंत तो ती वाट बंद ठेवतो. आपल्याकडच्या लहान गाड्यांत ही सोय सहसा नसते. केवळ शहरात, थोड्या अंतरासाठी आणि थंड हवेच्या गावी वापरल्या जाणाऱ्या गाडीचा कूलर काढण्यात म्हणूनच काही वेळा तथ्य असू शकते. प्रश्न भावनेचा नसून आकड्याचा आहे, आणि तो आकडा मोजता येतो. त्याकडे वळण्यापूर्वी आणखी एक गोष्ट समजून घ्यायला हवी.

तेलाची वाट

सगळ्यांत मोठी चूक घडते ती येथे. कूलर काढला, दोन भोके उरली, दोन्हींना बोल्ट मारून बंद केली, काम फत्ते! काही इंजिनांत हे चालूनही जाते. काहींत मात्र तो इंजिनाचा गळा दाबण्याचाच प्रकार ठरतो.

कारण कूलर तेलाच्या वाटेवर कोठे आहे, हे प्रत्येक इंजिनात वेगळे असते. एका पद्धतीत पंपाने उचललेले सगळे तेल आधी कूलरमधून जाते आणि मगच बेअरिंग आणि हेडकडे वळते. ही एकेरी रस्त्यासारखी रचना आहे. मधला पूल पाडला, की पलीकडच्या गावाला काहीच पोहोचत नाही. येथे दोन्ही तोंडे बंद केली, तर इंजिन मिनिटांत मरते. अशा इंजिनात कूलर काढायचाच असेल, तर दोन्ही तोंडे एकमेकांना आखूड नळीने जोडून वाट अखंड ठेवावी लागते. दुसऱ्या पद्धतीत मुख्य वाट सरळ बेअरिंगकडे जाते आणि एक फाटा कूलरमधून फिरून तेल पुन्हा चेंबरमध्ये सोडतो. येथे फाटा बंद केला, तर बेअरिंगचे काही बिघडत नाही. उलट तोंडे नळीने जोडली, तर कूलरचा अडथळा गेल्याने तेल त्या सोप्या वाटेने अधिक पळेल आणि मुख्य वाटेवरचा दाब कमी होईल. म्हणजे एका इंजिनात जो उपाय, तोच दुसऱ्यात अपाय. ‘माझ्या मित्राने असेच केले आणि काही झाले नाही’ हा युक्तिवाद मित्राची गाडी अगदी त्याच मॉडेलची आणि त्याच वर्षाची असल्याशिवाय निरर्थक आहे.

तिसरी जात वेगळीच. सुझुकीने १९८५ मध्ये विक्रीस आणलेल्या जीएसएक्स-आर ७५० या गाडीत तेल हे केवळ मदतनीस नव्हते. पाण्याचे वजन टाळण्यासाठी तेलाचाच मोठा प्रवाह ज्वलनकक्षाच्या माथ्यावर सोडलेला होता आणि पिस्टनच्या खाली तेलाचे फवारे मारलेले होते. अशा इंजिनाचा कूलर काढणे म्हणजे मोटारीचा रेडिएटर काढण्यासारखे आहे. त्याबद्दल चर्चाही नको.

आपल्या गाडीची वाट कोणती, हे ठरवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील तेलाच्या प्रवाहाची आकृती. अनुभवी मेकॅनिकच्या सांगण्याला मान द्यावा, पण आकृती मागावी. तीच इंजिन-रचना कूलरविना दुसऱ्या एखाद्या मॉडेलमध्ये कारखान्यानेच वापरली असेल, तर काम फार सोपे होते. त्या मॉडेलचे झाकण आणि नळी आपल्या इंजिनाला बसते का, एवढेच पाहायचे. कारखान्याने वाट कशी बंद केली, हे आयते समोर असते. काहीही बदल केल्यानंतर टॅपेटचे झाकण उघडून, इंजिन अगदी मंद चालवून, हेडपर्यंत तेल चढते की नाही हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये. आपल्याकडचे जुने फिटर ही तपासणी न सांगता करीत. आता ती मागून घ्यावी लागते.

काढण्यापूर्वी झाकून पाहा

आता मोजण्याविषयी. कूलर काढण्याचा निर्णय घेण्यापूर्वी तो न काढताच काढल्यासारखा करता येतो. जाळीसमोर जाड पुठ्ठा किंवा पत्रा घट्ट बांधला, की वारा बंद. तेलाची वाट तशीच राहते, फक्त थंड होणे जवळजवळ थांबते. मग आपल्या नेहमीच्या वापरातील सर्वांत कष्टाच्या रस्त्यावर गाडी न्यायची. पुणेकरांना खंबाटकी किंवा वरंध आहे, नाशिककरांना कसारा आहे, आणि मुंबईकरांना घाटाची गरजच नाही, संध्याकाळी सहाचा पश्चिम द्रुतगती मार्ग पुरेसा आहे. तेलाचे तापमान स्थिरावण्यास वीस-तीस मिनिटे लागतात. पाच मिनिटांची फेरी काहीच सांगत नाही. एकदा पुठ्ठा लावून आणि एकदा काढून, अशी दोन मोजमापे घ्यावीत.

मोजण्यासाठी तेल भरण्याच्या झाकणाच्या जागी बसणारा तापमापक मिळतो. तेल सोडण्याच्या बोल्टमध्ये बसवायचे सेन्सरही मिळतात, आणि त्यांनी दाखवलेला आकडा अधिक विश्वासार्ह असतो. अनेक जण दुरून नेम धरून तापमान दाखवणारी इन्फ्रारेड बंदूक वापरतात. तिच्याबाबत एक सूचना. चकचकीत अॅल्युमिनियमवर ती तापमान पुष्कळ कमी दाखवते, कारण चकचकीत पृष्ठभाग उष्णता फारशी उत्सर्जित करीत नाही. चेंबरवर रुपयाएवढा ठिपका काळ्या, चमक नसलेल्या उष्णतारोधक रंगाने रंगवून तेथेच नेम धरावा. एवढ्या साध्या गोष्टीमुळे अनेकांचे इंजिन ‘थंड’ असल्याचा गैरसमज दूर होईल.

आकडे काय सांगतात? चेंबरमधील तेल ९० ते ११० अंशांच्या दरम्यान राहिले, तर उत्तम. १२० पर्यंत चांगल्या प्रतीचे तेल निभावून नेते. १३० च्या पुढे नियमितपणे जात असेल, तर कूलर काढण्याचा विचार सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पण येथे ऋतूचा हिशेब विसरू नये. बाहेरची हवा जितक्या अंशांनी तापते, साधारण तितक्याच अंशांनी तेलही अधिक तापते. जानेवारीत, हवा २५ अंश असताना, झाकलेल्या कूलरने ११५ आकडा दाखवला, तर मे महिन्यात ४२ अंशांच्या हवेत तो १३२ च्या घरात जाईल. चंद्रपूर-नागपूरच्या उन्हाळ्यात त्याहून वर. पुण्यात थंडीत चाचणी घेऊन बदललेली गाडी बदली झाल्यावर विदर्भात नेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

कूलर शिल्लक असला, तरी उन्हाळा त्याचीही परीक्षा पाहतो. तेल १२० अंशांवर आणि हवा २५ अंशांवर असेल, तर दोहोंतील फरक ९५ अंशांचा. हवा ४५ झाली, की तो ७५ वर येतो. कूलरची क्षमता या फरकावर अवलंबून असल्याने ती पाचव्या हिश्शाने घटते, नेमकी गरज वाढलेली असताना. त्यातच जाळी चिखलाने बुजलेली असेल, तर बोलायलाच नको. मोजमापात तेल फार तापलेले आढळले, तर आधी जाळी पाहावी. मऊ ब्रश, साबणाचे पाणी आणि थोडा धीर एवढेच लागते. सर्व्हिस सेंटरमधला जोरदार पाण्याचा फवारा जवळून मारला, तर नाजूक पाती वाकतात आणि वाऱ्याची वाट कायमची बंद होते.

जागा बदलायची असेल तर

बहुतेकांची खरी गरज कूलर काढण्याची नसून तो नजरेआड करण्याची असते. ते शक्य आहे, पण जागा वाऱ्याची हवी. सीटखाली, बॅटरीच्या जागी किंवा इंजिनाच्या मागे बसवलेला कूलर म्हणजे तेल साठवण्याची एक महागडी डबी. तेथे वारा नाही, असलाच तर इंजिनावरून आलेला गरम. टाकीच्या पुढच्या टोकाखाली, स्टिअरिंगच्या मानेजवळ जागा मिळाली तर चांगली. तेथे वारा लागतो आणि पुढच्या चाकाने उडवलेले दगड व चिखल कमी पोहोचतो. मात्र कूलर थेट हेडच्या समोर आला, तर त्यातून निघालेली गरम हवा हेडच्या फिन्सवर जाते, आणि एकाला थंड करताना दुसऱ्याला तापवल्यासारखे होते.

ही शंका केवळ कागदावरची नाही. फोक्सवॅगनच्या प्रसिद्ध बीटल मोटारीत, जिचे इंजिन हवेनेच थंड होत असे, ऑइल कूलर पंख्याच्या पेटीतच उभा होता. त्याच्या आडोशाला असलेल्या तिसऱ्या सिलिंडरला कमी आणि आधीच गरम झालेली हवा मिळे, आणि तो सिलिंडर इतरांहून अधिक तापे. अखेर १९७१ च्या मॉडेलपासून कंपनीने कूलर तेथून हलवून बाजूच्या स्वतंत्र कप्प्यात नेला. कारखान्यालाही जागा बदलावी लागली, हे जागेचे महत्त्व पटवायला पुरेसे आहे.

ब्रॅकेट तयार झाल्यावर, नळ्या कापण्यापूर्वी, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि पुढचे शॉकअॅब्सॉर्बर तळापर्यंत दाबून पाहावेत. गाडी स्टँडवर उभी असताना जी जागा ऐसपैस वाटते, तीच खड्ड्यात चाक आदळल्यावर मडगार्ड येऊन थडकण्याची जागा असू शकते. कूलर चौकटीला थेट बोल्टने आवळू नये. एक-सिलिंडरी इंजिनाचा थरकाप अॅल्युमिनियमच्या कानांना काही महिन्यांत चिरा पाडतो. मध्ये रबरी बुश हवेतच. कूलरची तोंडे शक्यतो वरच्या बाजूला ठेवावीत. तोंडे खाली असली, तर वरच्या भागात हवा अडकून राहते आणि तेवढा कूलर निकामी होतो.

नळीच्या बाबतीत काटकसर करू नये. पेट्रोलची पारदर्शक नळी, नळकामाची रबरी नळी आणि वर घट्ट आवळलेला क्लिप, असे देशी जुगाड प्रत्यक्षात पाहायला मिळतात, आणि ते थंड इंजिनावर टिकतातही. गरम तेल मात्र त्यांना आतून फुगवते आणि मऊ करते. सकाळी थंड, दाट तेल ढकलताना पंपाचा दाब सर्वाधिक असतो, तेव्हाच ती क्लिपमधून निसटते. तेलासाठी, तापमानासाठी आणि दाबासाठी बनवलेली हायड्रॉलिक नळी, तिच्या टोकांना दाबयंत्रावर बसवलेली फिटिंग, एवढे किमान हवे. औद्योगिक वसाहतींजवळ हायड्रॉलिक नळ्या मापाने करून देणारी दुकाने असतात. तेथे जुन्या नळीचा नमुना आणि बॅन्जो बोल्ट सोबत घेऊन जावे. वरून पोलादी तारांची वीण असलेली नळी देखणी दिसते, पण ती कशाला घासली, तर करवतीसारखे काम करते. टाकीचा रंगच काय, अॅल्युमिनियमचे झाकणही ती कापत जाते. जेथे स्पर्शाची शक्यता असेल, तेथे रबरी आवरण चढवावे. बॅन्जो बोल्टखालचे तांब्याचे वा अॅल्युमिनियमचे वॉशर प्रत्येक वेळी नवे घालावेत. चार-पाच रुपयांचा हा विषय, पण जुने वॉशर पुन्हा वापरून ‘आणखी थोडे’ आवळण्याच्या नादात इंजिनाच्या अॅल्युमिनियममधील आटे निघाल्याची उदाहरणे कोणत्याही जुन्या गॅरेजात ऐकायला मिळतील.

नळ्या लांबल्या की तेलही जास्त लागते. आठ मिलिमीटर पोकळीच्या एक मीटर नळीत सुमारे ५० मिलिलिटर तेल मावते. हा आकडा छोटा वाटतो, पण एकूण तेल लिटरभरच असेल, तर तो पाच टक्के झाला. म्हणून बदलानंतर तेल भरून, इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून, थोडे थांबून पातळी पुन्हा पाहावी.

खर्च वाचवण्यासाठी कुर्ल्यातील सीएसटी रोडवर किंवा पुण्यातील नाना पेठेत मोठा, वापरलेला कूलर शोधणाऱ्यांना एक इशारा द्यावासा वाटतो. तो कूलर ज्या गाडीवरून आला, ती भंगारात का गेली असावी? तिचे इंजिन सीझ झाले असेल, तर त्यातील धातूचा बारीक कीस कूलरच्या अरुंद नळ्यांत अडकून बसलेला असतो. पेट्रोलने कितीही धुतला, तरी तो पूर्ण निघेलच असे नाही. नंतर गरम तेलाबरोबर तो सुटतो आणि थेट आपल्या बेअरिंगमध्ये जातो. हाच न्याय स्वतःच्या गाडीलाही लागू आहे. इंजिन सीझ होऊन नवे ब्लॉक-पिस्टन बसवले असेल, तर जुना कूलर पुन्हा लावू नये. नवे इंजिन वर्षभरात पुन्हा का गेले, याचे कोडे पडलेल्या मालकांनी हा दुवा तपासून पाहावा.

कायद्याचे काय, असेही काही जण विचारतात. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने मूळ नोंदणीतील तपशिलांशी विसंगत बदल करण्यास मनाई केली आहे आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये त्यावर कठोर भूमिका घेतली. ऑइल कूलर नोंदणीपुस्तिकेत नसतो. पण ज्या गाडीचा कूलर हलवला जातो, तिचे बरेच काही बदललेले असते आणि आरटीओची नजर पडते ती त्यावर.

लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांनी मात्र एक छोटी तयारी ठेवावी. दगड लागून जाळी फुटली, तर गाडी ताबडतोब बंद करायची. तेल संपेपर्यंत ‘जवळच गॅरेज आहे’ म्हणून पुढे जायचे नाही. ज्या इंजिनात तेलाची वाट कूलरमधूनच जाते, तेथे दोन्ही तोंडे थेट जोडणारी एक आखूड नळी, चार नवे वॉशर आणि अर्धा लिटर तेल एवढे सामान सोबत असले, तर वाट जोडून, वेग पन्नासच्या आत ठेवून, दर अर्ध्या तासाने थांबत गावापर्यंत पोहोचता येते. फाट्याची वाट असलेल्या इंजिनात या नळीऐवजी त्याच मापाचे दोन बंद बोल्ट लागतात. आपल्या गाडीला यातले काय लागते, ते घरीच ठरवून सीटखाली बांधून ठेवावे. आणि कूलर नव्या जागी बसवल्यानंतर पहिल्या पन्नास किलोमीटरला व मग पाचशेला प्रत्येक जोडाखालून कोरडे पांढरे फडके फिरवावे. तेलाचा डाग कोठे आहे, हे डोळ्यांच्या आधी त्या फडक्याला कळते.